मानसिक आजारावरच्या गोळ्या कमी करताना होणारा त्रास कसा सांभाळायचा

पहिल्यांदा गोळ्या बंद केल्या तेव्हा मी कुणालाच विचारलं नव्हतं. दोन वर्षं नैराश्यावरची गोळी घेत होते, बरं वाटत होतं, पाकीट संपलं आणि नवीन आणलंच नाही. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायला लागलं. पाचव्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला. आठवड्याभरात मी कारण नसताना रडू लागले आणि घरच्यांनी आणि मी मिळून एकच अर्थ काढला: आजार परत आला. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. तो आजार नव्हता, औषध एकदम सुटल्याचा त्रास होता, हे मला फार उशिरा कळलं. दुसऱ्या खेपेला त्याच गोळीतून बाहेर पडायला सव्वा वर्ष लागलं. त्यातला निम्म्याहून जास्त काळ शेवटच्या चिमूटभर डोसवर गेला.

त्या सव्वा वर्षात जे समजलं आणि त्याआधी समजायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे. हे वाचून उद्या सकाळची गोळी मात्र चुकवू नका. काही औषधं एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं, ती कोणती हे पुढे येईलच. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना बरोबर घेऊनच हा प्रवास करायचा आहे.

हा त्रास का होतो?

गोळी महिनोन्‌महिने पोटात जाते तेव्हा मेंदू तिच्या सोबतीने आपली घडी बसवतो. गोळी काढली की ती घडी विस्कटते आणि नवी बसायला वेळ लागतो. याचा अर्थ तुम्हाला गोळीचं व्यसन लागलं असा नाही. नैराश्यावरच्या गोळीची कुणाला तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. शरीर सरावलेलं असतं, इतकंच. घरात कुणी ‘गोळ्यांची सवय लागली तुला’ असं म्हणत असेल, तर हा फरक त्यांना शांतपणे समजावून सांगा. त्या एका वाक्याची लाज वाटून कित्येक जण घाईने गोळी सोडतात.

त्रास किती जणांना होतो? २०२४ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, नैराश्यावरचं औषध थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना काही ना काही लक्षणं जाणवली. औषध नसलेली खोटी गोळी थांबवणाऱ्यांपैकीही १७ टक्के लोकांनी लक्षणं सांगितली. तीव्र त्रास साधारण ३ टक्क्यांना झाला. म्हणजे बरेच जण सहज सुटतात, आणि ‘मला भयंकर होणारच’ असं धरून चालायचं कारण नाही. मात्र या अभ्यासांमधले बरेच रुग्ण काही आठवडे किंवा काही महिनेच औषधावर होते. ज्यांनी वर्षानुवर्षं गोळ्या घेतल्या आहेत त्यांनी या आकड्यावर विसंबून घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवातीला: आत्ताच कमी करायचं का?

नैराश्य उतरल्यावरही गोळी किमान ६ महिने चालू ठेवावी, असं सर्वसाधारणपणे सांगतात. आजार पुन्हा पुन्हा उलटला असेल तर हा काळ २ वर्षांपर्यंत किंवा पुढेही जातो. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ गोळी घेणाऱ्या आणि बरं वाटत असलेल्या लोकांवर एक चाचणी झाली होती. २०२१ साली तिचे निष्कर्ष आले. गोळी हळूहळू थांबवलेल्या गटात वर्षभरात ५६ टक्क्यांचं नैराश्य उलटलं, गोळी चालू ठेवलेल्या गटात ३९ टक्क्यांचं. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. गोळी थांबवल्याने धोका वाढतो हे खरं, आणि थांबवूनही बऱ्याच जणांचं ठीक चालतं हेही तितकंच खरं. तुमचं पारडं कुठे झुकतं, हे तुमच्या मागच्या आजारपणांवर ठरतं. किती वेळा उलटला, किती खोल गेला, दवाखान्यात दाखल व्हावं लागलं का, जीव द्यावासा वाटला होता का, हे सगळं डॉक्टरांसमोर मांडा.

नोकरी बदलताना, घर बदलताना, परीक्षेच्या तोंडावर, कुणी जवळचं गेल्यानंतरच्या महिन्यांत डोस कमी करायला सुरुवात करू नका. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर घाबरून गोळी टाकून देऊ नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

तुमची गोळी कोणत्या जातीची?

अंगातलं औषध निम्मं व्हायला किती वेळ लागतो, यावर बरंच अवलंबून असतं. नैराश्यावरच्या औषधांपैकी व्हेनलाफॅक्सिन साधारण ५ तासांत निम्मं होतं, त्यापासून शरीरात तयार होणारा घटक ११ तासांत. पॅरॉक्सेटिनला जेमतेम एक दिवस लागतो. या दोघींना सोडताना त्रास जास्त होतो, आणि एखादा डोस काही तास लांबला तरी डोकं गरगरतं. उलट फ्लुओक्सेटिन अंगात कित्येक दिवस रेंगाळतं, त्याचा घटक तर त्याहून जास्त. ते जणू स्वतःच हळूहळू उतरतं. पण म्हणूनच त्याचा त्रास आठवडे उलटल्यावर सुरू होऊ शकतो, आणि तेव्हा गोळीशी त्याचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता ज्यांच्याशी खेळ नको, अशी औषधं.

अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम या चिंतेवरच्या किंवा झोपेच्या गोळ्या बराच काळ रोज घेतल्या असतील आणि एकदम थांबवल्या, तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. २०२५ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांनी मिळून दिलेला सल्ला असा: सुरुवातीला दर २ ते ४ आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपात, आणि २ आठवड्यांत २५ टक्क्यांहून जास्त कधीच नाही. अल्प्राझोलमसारखी झटकन उतरणारी गोळी असेल तर काही डॉक्टर आधी डायझेपामसारख्या सावकाश उतरणाऱ्या गोळीवर आणतात आणि मग कमी करतात. या काळात दारू पूर्ण बंद.

मनाचे टोकाचे चढउतार आवरणारी औषधंही तशीच. त्यांतलं लिथियम एकदम थांबवलं तर उन्माद उसळण्याचा धोका वाढतो. ते किमान ४ आठवड्यांत, शक्य तर ३ महिन्यांत उतरवतात. व्हॅल्प्रोएट एकदम सोडलं तर फिट येऊ शकते, विशेषतः आधी कधी फिट आलेली असेल तर. लॅमोट्रिजिन सोडून काही दिवस गेले आणि मग घाबरून जुना डोस परत घेतला, तर अंगावर गंभीर पुरळ उठण्याचा धोका असतो. ते पुन्हा अगदी तळापासून चढवावं लागतं. सायकोसिसवरचं (भास-भ्रम होणाऱ्या आजारावरचं) क्लोझापाइन ४८ तासांहून जास्त चुकलं तर तेही परत छोट्या डोसपासूनच सुरू करतात. सायकोसिसवरच्या इतर औषधांचंही तसंच, कपात डॉक्टरांच्या नजरेखाली आणि घरातल्या कुणाला तरी सांगूनच. याबाबत ब्रिटनमधल्या एका चाचणीचे निकाल २०२३ साली आले. २ वर्षांत गंभीररीत्या आजार उलटण्याचं प्रमाण औषध कमी केलेल्या गटात २५ टक्के होतं, चालू ठेवलेल्यांत १३ टक्के.

शेवटचे मिलिग्रॅम सगळ्यांत जड

लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. आपल्याला वाटतं, २० वरून १० आणि १० वरून शून्य, दोन सारख्या पायऱ्या. कागदावर सारख्या, मेंदूत नाहीत.

सिटालोप्राम या नैराश्यावरच्या औषधाचं उदाहरण घेऊ. हे औषध मेंदूतलं सिरोटोनिन हे रसायन वाहून नेणाऱ्या प्रथिनांना अडवून धरतं. ६० मि.ग्रॅ.ला साधारण ८८ टक्के प्रथिनं अडतात, आणि डोस तिपटीने कमी करून २० मि.ग्रॅ. केला तरी ८० टक्के अडलेलीच असतात. ९ मि.ग्रॅ.ला ७० टक्के. ५ मि.ग्रॅ.लासुद्धा ६० टक्क्यांच्या आसपास! म्हणजे २० वरून ५ वर येताना परिणाम फक्त २० टक्क्यांनी उतरला, आणि त्या शेवटच्या ५ मि.ग्रॅ.च्या चिमुकल्या तुकड्यात उरलेले साठ टक्के दडलेले आहेत. जिना छान उतरत आलात आणि खालच्या सगळ्या पायऱ्या एकाच उडीत टाकल्या, तर पडणारच. मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी २०१९ साली हे नीट मांडलं आणि सुचवलं, की डोस जितका लहान होत जाईल तितकी कपातही लहान करत जा.

व्यवहारात याचा अर्थ: कपात मूळ डोसच्या टक्क्यांत मोजायची नाही, त्या घडीला चालू असलेल्या डोसच्या टक्क्यांत मोजायची. २० वर असाल आणि १० टक्के कमी करायचं असेल तर १८. पुढची पायरी १६.२, मग १४.६. सात पायऱ्यांनी डोस निम्म्याच्या थोडा खाली येतो. ज्यांनी काही आठवडेच औषध घेतलं त्यांना इतकं संथ जायची गरज सहसा नसते. वर्षानुवर्षं घेतलेल्यांना, किंवा आधी एकदा फसलेल्यांना, असते.

कपात प्रत्यक्षात कशी करायची

आधी चाचणीची एक छोटी कपात करा आणि २ ते ४ आठवडे काहीही न बदलता थांबा. या आठवड्यांत जे होईल त्यावरून पुढचा वेग ठरवा. कॅलेंडरवर शून्याची तारीख आधीच लिहून ठेवू नका. माझी पहिली चूक एकदम सोडण्याची होती, दुसरी ही तारीख लिहिण्याची.

गोळीचे बारीक डोस कसे मिळवायचे? काही औषधं द्रवरूपात किंवा थेंबांत मिळतात, ती सुई नसलेल्या मापाच्या सिरिंजने मोजता येतात. लहान ताकदीच्या गोळ्या असतात. काही साध्या गोळ्यांचे तुकडे चालतात. पण हळूहळू विरघळणाऱ्या किंवा आतड्यापर्यंत पोहोचण्यासाठी आवरण दिलेल्या गोळ्या कधीही चुरायच्या नाहीत, एकदम सगळं औषध अंगात उतरतं किंवा पोटातल्या आम्लात वाया जातं. तुमची गोळी कोणत्या प्रकारची आहे हे औषधविक्रेत्याला विचारा आणि उत्तर वहीत लिहा.

‘एक दिवसाआड घ्या’ हा सल्ला बऱ्याच जणांना मिळतो. फ्लुओक्सेटिनसारख्या रेंगाळणाऱ्या औषधाला तो कधी चालून जातो. बाकीच्यांना नाही. एका दिवसात निम्मं होणारं औषध दिवसाआड घेतलं, तर रक्तातलं प्रमाण रोज वर-खाली हेलकावतं आणि तुम्ही दर दुसऱ्या दिवशी छोटा झटका सोसत राहता. लहान डोस, रोज, ठरलेल्या वेळी, हे कितीतरी बरं.

एका वेळी एकच औषध. दोन-तीन गोळ्या असतील तर आधी कोणती, हे डॉक्टर ठरवतील. सायकोसिसच्या औषधाबरोबर हातापायांचा ताठरपणा किंवा कंप थांबवण्यासाठी दिलेली जोडगोळीसुद्धा एकदम काढायची नसते. कार्बामाझेपाइन हे फिटवरचं औषध थांबवलं तर इतर काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं. सिगारेट सोडली तर क्लोझापाइन आणि ओलान्झापाइनचं वाढतं, कारण धूर ती औषधं लवकर फोडायला यकृताला भाग पाडत होता. सिगारेट जरूर सोडा, पण डॉक्टरांना सांगून, आणि कपातीच्याच आठवड्यात नको.

वही

रोज रात्री दोन मिनिटं. तारीख, डोस, गोळी घेतल्याची वेळ, झोपेचे तास, आणि चार-पाच लक्षणांना शून्य ते दहा गुण. सुरुवात पहिल्या कपातीच्या दोन आठवडे आधी करा, म्हणजे तुमचा ‘नेहमीचा’ वाईट दिवस कसा असतो हे कागदावर राहील. त्रासात असताना माणसाला वाटतं आपण कायमच असे होतो. माझ्या वहीत लागोपाठ अकरा दिवस ‘आज वाईट’ असं होतं आणि बाराव्या दिवशी ‘दुपारी गाणं गुणगुणत होते’. ती ओळ नसती तर मी पुन्हा मोठ्या डोसवर गेले असते.

त्रास आहे की आजार?

खरा गोंधळ इथेच होतो. माझ्या अनुभवात आणि जाणकारांकडून ऐकलेल्यात हे प्रश्न कामी येतात.

कधी सुरू झालं? कपातीनंतर काही दिवसांत सुरू झालं तर बहुधा औषधाचा त्रास. आजार उलटतो तो सहसा आठवड्यांनी, महिन्यांनी, हळूहळू दाटून येतो. फ्लुओक्सेटिन याला अपवाद, हे वर आलंच आहे. सोबत शरीराचं काही आहे का? करंटचे झटके, चक्कर, मळमळ, मुंग्या, ताप नसताना फ्लूसारखी कणकण, विलक्षण स्पष्ट स्वप्नं, यातलं काही तुमच्या मूळ आजारात नव्हतं ना? मग ते नवीन आहे. कसं येतं? औषधाचा त्रास लाटांनी येतो, मध्येच उघडीप मिळते, एखादी संध्याकाळ अगदी स्वच्छ जाते. आणि मागचा डोस परत घेतल्यावर एक-दोन-तीन दिवसांत उतरलं, तर तो औषधाचाच त्रास. नैराश्य इतक्या झटकन उतरत नाही.

दोन्ही एकत्रही असू शकतं. म्हणून निकाल एकट्याने लावू नका, वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

एकेका त्रासाशी कसं वागायचं

करंटचे झटके आणि चक्कर: डोळे बाजूला झर्रकन फिरवले की झटका येतो, असं अनेकांच्या लक्षात येतं. डोळ्यांआधी मान, मानेआधी खांदे, असं सावकाश वळा. अंथरुणातून उठताना आधी बसा, मग उभे राहा. चक्कर असेपर्यंत गाडी चालवू नका, शिडीवर चढू नका. झटके भीतिदायक वाटतात, पण त्यांत शुद्ध जात नाही. शुद्ध गेली किंवा हातपाय आखडून आचके आले, तर ती फिट आहे, लगेच दवाखाना.

मळमळ: गोळी खाण्याबरोबर घ्या, थोडं थोडं खा, पाणी घोट घोट प्या. बहुतेकांना ही काही दिवसांत सोडून जाते. उलटीवरची काही औषधं आतली अस्वस्थता वाढवतात, म्हणून विचारल्याशिवाय नको.

झोप: रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ बदलू नका. अर्धा तास झोप लागली नाही तर अंथरूण सोडा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, डोळे जड झाले की परत या. चहा-कॉफी दुपारनंतर बंद, कारण कॅफिन निम्मं व्हायलाच सुमारे पाच तास लागतात. उरलेली झोपेची गोळी किंवा सर्दीची गुंगी आणणारी गोळी रोज घेऊन वेळ मारून नेऊ नका, एकीतून सुटताना दुसरीत अडकाल. भयंकर स्वप्नं पडत असतील तर उठल्यावर पाणी प्या, दिवा लावा, खोलीतल्या चार वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. साधं वाटतं, पण मी हे रोज केलंय.

रडू आणि राग: आधीच सांगून ठेवा. मी आई आणि नवऱ्याला म्हटलं होतं, ‘पुढचे दोन आठवडे मी क्षुल्लक गोष्टीवर भडकेन. तेव्हा वाद घालू नका, खोलीतून जा आणि अर्ध्या तासाने परत या.’ याने खूप भांडणं वाचली. लाट चढलेली असताना राजीनामा, घटस्फोट, मोठा खर्च, कुणाला लांबलचक मेसेज, काहीही नको. दोन उघडिपींनंतरही तेच वाटलं तर करा.

धडधड आणि घबराट: श्वास आत चार मोजून, बाहेर सहा-आठ मोजून, पाच मिनिटं. जमेल तेवढं चाला, पण नवीन जड व्यायाम या काळात सुरू करू नका. ‘नैसर्गिक’ म्हणून मिळणारी औषधंही स्वतःहून नकोत. सेंट जॉन्स वर्ट नैराश्यावरच्या गोळ्यांबरोबर घेतलं तर धोकादायक ठरू शकतं.

आणि एक त्रास घरी सोसायचा नाही. आतून ढवळून निघाल्यासारखं होणं, एका जागी दोन मिनिटंही बसता न येणं, सतत येरझारा घालाव्या लागणं, कातडीतून बाहेर पडावंसं वाटणं. याला अकाथिसिया म्हणतात. यात माणूस जीव द्यायच्या विचारापर्यंत फार लवकर पोहोचू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. मरणाचे विचार, नसलेले आवाज ऐकू येणं, दोन-तीन रात्री न झोपताही अंगात वीज संचारल्यासारखं वाटणं, फिट, भ्रम, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. एकटे राहू नका, कुणाला तरी शेजारी बसवा आणि तातडीच्या विभागात जा.

जमत नसेल तेव्हा

पहिला उपाय थांबणं. आहे त्याच डोसवर आणखी दोन-चार आठवडे. बऱ्याचदा एवढ्यानेच घडी बसते. तेवढ्याने नाही झालं तर डॉक्टरांना सांगून एक पायरी वर, थेट पूर्ण डोसवर नव्हे. मग स्थिर झाल्यावर पुढची कपात आधीच्या निम्मी. मी ३ मि.ग्रॅ.वर अडीच महिने थांबले होते. तेव्हा मला ती हार वाटली होती. आता वाटतं, तिथे थांबले म्हणूनच पुढे जाता आलं.

डॉक्टर म्हणाले, ‘दोन आठवड्यांत बंद करा, काही होत नाही,’ तर वही उघडून दाखवा आणि विचारा: ‘डॉक्टर, मागच्या वेळी असं झालं होतं, आपण छोट्या पायऱ्या करून बघू या का? त्रास झाला तर मी किती डोसवर परत जाऊ? रात्री-अपरात्री कुणाला फोन करू?’ या तिन्हींची उत्तरं लिहून घ्या. ते ऐकूनच घेत नसतील तर दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांचं मत घ्यायचा तुम्हाला हक्क आहे, पण तोवर डोस बदलू नका.

शून्यावर पोहोचताना आणि नंतर

टक्क्यांनी कमी करत राहिलात तर शून्य कधी येतच नाही, कधीतरी शेवटची उडी घ्यावीच लागते. ती आधीच्या पायऱ्यांहून मोठी नसावी, एवढं पाहायचं. सिटालोप्रामच्या उदाहरणात ०.४ मि.ग्रॅ.हूनही कमी डोस दहा टक्क्यांच्या आसपास परिणाम धरून असतो. म्हणून त्या कणाला हसू नका. काही जण तिथवर येऊन ठरवतात की छोट्या डोसवरच राहायचं. त्यांचा आजार, त्यांचा इतिहास, त्यांचा निर्णय.

शून्यानंतर वही सहा महिने चालू ठेवा, आठवड्यातून एकदा लिहिलंत तरी चालेल. आजार उलटायचा असेल तर बऱ्याचदा याच महिन्यांत उलटतो. पहिल्या पानावर तुमच्या आजाराची सुरुवातीची दोन-तीन लक्षणं लिहा. माझी होती: फोन न उचलणं, पहाटे चारला जाग येणं, केस विंचरायचा कंटाळा. घरातल्या एकाला ते पान दाखवा आणि सांगा, यातली दोन लक्षणं दोन आठवडे टिकलेली दिसली तर मला न विचारता डॉक्टरांची वेळ घे.